३९ गुण, तरी हार : एस बेली, रटगर्स आणि कॉलेजचं पहिलं वर्ष

रारितनकाठचा
४ जानेवारी २०२५

बास्केटबॉलवर धागा काढला की आपल्याकडे तीन प्रतिसाद येतात आणि त्यातले दोन क्रिकेटवर असतात, हे माहीत असूनही काढतोय. पिस्कॅटवेत, म्हणजे रटगर्सच्या गावी, यंदा जे चाललंय त्यावर कुणाशी तरी बोलायचंय आणि घरात आता कुणी ऐकत नाही.

परवा, २ तारखेला, ब्लूमिंग्टनमध्ये इंडियानानं रटगर्सला ८४-७४ असं हरवलं. त्या ७४ पैकी ३९ गुण एकट्या एस बेलीचे. वय १८, कॉलेजचं पहिलं वर्ष. रटगर्सच्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूनं एका सामन्यात इतके गुण आजवर केले नव्हते. आधीचा विक्रम ३७ चा, आणि तोही काही जुना नाही. नोव्हेंबरअखेर लास वेगासमध्ये अलाबामाविरुद्ध डिलन हार्परनं केलेला. हार्पर याच संघात, तोही पहिल्याच वर्षाला. आणि तो सामनाही आम्ही हरलोच होतो, ९५-९०.

म्हणजे दोन पोरं विक्रम मोडतायत आणि संघ ८ विजय, ६ पराभवांवर रखडलाय.

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रटगर्स हे न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ. एडिसन, पिस्कॅटवे, ईस्ट ब्रन्सविक भागातल्या मराठी घरांत कुणी ना कुणी तिथे शिकलेलं असतंच. बास्केटबॉलमध्ये मात्र अभिमानानं सांगावं असं वर्ष म्हणजे १९७६. तेव्हा एकही सामना न हरता शेवटच्या चारांत धडकले होते. पुढे १९९१ नंतर मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवायला थेट २०२१ उजाडलं. अशा घरी देशातल्या शालेय खेळाडूंच्या यादीतला दुसरा (बेली) आणि तिसरा (हार्पर) एकाच वर्षी आले. पहिला, कूपर फ्लॅग, ड्युकला गेला. हार्परचं एक वेळ समजू शकतो, तो इथलाच. वडील रॉन हार्पर, एनबीएची पाच विजेतेपदं. थोरला भाऊ रटगर्सकडूनच खेळला. २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या पर्ड्यूला शेवटच्या क्षणी लांबून टाकलेल्या बास्केटनं ज्यानं पाडलं, तो. पण बेली जॉर्जियातून उठून इथे आला, यावर मला अजूनही नीट विश्वास बसत नाही. त्याची मावशी का आत्या, व्हीनस लेसी, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या अमेरिकन संघात होती. खेळ रक्तातच आहे.

हंगामाआधी एपी वृत्तसंस्थेच्या देशभरातल्या संघांच्या क्रमवारीत पंचविसावं स्थान मिळालं. लोकांनी मार्चच्या सुट्ट्या टाकायची भाषा सुरू केली. आणि २४ नोव्हेंबरला केनेसॉ स्टेटकडून ७९-७७ नं हरलो. डिसेंबरात प्रिन्स्टनकडून एका गुणानं.

आता मुद्दा. बेलीचा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा इंडियानाचा सामना शोधून बघाच. एक-दोन ड्रिबल, मग अंगाला अंग लावून उभा असलेला बचावपटू, तोंडासमोर हात, आणि हा मागे झुकून उडी मारतो. चेंडू इतक्या उंचावरून सुटतो की समोरच्याचा हात पोचतच नाही. गेला की अख्खं स्टेडियम उभं राहतं. नाही गेला की तेच लोक डोक्याला हात लावतात. शॉट मात्र दोन्ही वेळा तोच असतो.

माझं म्हणणं असं की ते अवघड शॉट ही त्याची देणगीही आहे आणि सवयही. कुठला शॉट देणगीतला आणि कुठला सवयीतला, हे शिकायला कॉलेजचं वर्ष असतं. रटगर्समध्ये ते शिकणं होताना दिसत नाही. कारण प्रशिक्षक पायकल त्याला तो शॉट नको म्हणाले, तर दुसरा टाकणार कोण? त्या रात्री हार्परही आजारी होता.

तुम्हाला काय वाटतं?


नागपाडा_पिव्होट
४ जानेवारी २०२५

एक नंबर धागा भाई. मुंबईत पहाटे उठून बघणारे पण आहेत, लक्षात असू द्या.

माझं लहानपण नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर गेलं. आपल्याकडे उंच पोरगा दिसला की कोच काय करतात माहितीये? बास्केटखाली उभा करतात. 'तू इथून हलायचं नाय, रिबाऊंड घे (म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकड), दुसऱ्याला दे.' त्याला ड्रिबल शिकवत नाय, बाहेरून शॉट मारला तर शिवी. माझं तेच झालं म्हणून नाव पिव्होट. बेली इथे जन्मला असता तर त्याला थ्री पॉइंट लाइन कुठे असते ते पण कळलं नसतं. त्यामुळे सहा फूट दहा इंचाचा माणूस गार्डसारखा, म्हणजे बॉल खेळवणाऱ्या बुटक्या पोरासारखा, पळता पळता थांबून पुल-अप शॉट मारतो हे बघूनच माझा जीव भरतो.

पण. पास नाय देत राव. डबल टीम आली, म्हणजे दोघं अंगावर धावून आले, की चांगला खेळाडू खुश होतो, कारण कोणतरी मोकळा झाला. बेलीला डबल टीम म्हणजे आव्हान वाटतं. नागपाड्यात असं दोनदा केलं तर तिसऱ्यांदा बॉलच येणार नाय तुझ्याकडे.


वऱ्हाडी_ठेचा
४ जानेवारी २०२५

३९ मारून हरले म्हन्ते अन् पोट्ट्यालेच बोलून राह्यले. बाकीचे चौघं काय फोटो काढाले गेल्ते काय?


सहज_वाचक
५ जानेवारी २०२५

धागा आवडला. एक अगदी प्राथमिक प्रश्न. हा मुलगा इतका गुणी आहे, आणि वर्षभरानं एनबीएत जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, तर मग कॉलेजात येतोच कशाला? आणि एका वर्षात तो शिकणार तरी काय? परीक्षा वगैरे देतात का?


रारितनकाठचा
५ जानेवारी २०२५

@सहज_वाचक, प्रश्न प्राथमिक असला तरी गोम त्यातच आहे.

२००५ पर्यंत शाळेतून थेट एनबीएत जाता यायचं. कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स तसेच गेले. मग संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात नियम आला. ज्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) उतरायचं त्या वर्षात वयाची १९ वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत, आणि अमेरिकन खेळाडूचं शाळा संपून एक वर्ष उलटलेलं पाहिजे. ते एक वर्ष कुठे काढायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. बहुतेक जण कॉलेजात काढतात. आपला सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसनं निवडला तेव्हा कॉलेज न करताच गेला होता, पण तो १९ वर्षांचा होता आणि शाळेनंतरचं वर्ष त्यानं फ्लोरिडातल्या अकादमीत काढलं होतं. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, हा भाग वेगळा.

परीक्षा देतात हो. पास व्हावंच लागतं, नाहीतर खेळता येत नाही.

शिकणार काय, हे मात्र सरळ सांगता येत नाही. शाळेत बेलीसारखा मुलगा आपल्यापेक्षा वीतभर बुटक्या पोरांवरून शॉट टाकत आलेला असतो. तिथे सगळेच शॉट सोपे. कॉलेजात पहिल्यांदाच समोरचा त्याच्याएवढा उंच आणि त्याच्याहून दणकट असतो. शिवाय आठवडाभर बसून त्याच्या खेळाच्या चित्रफितींची चिरफाड करून आलेला असतो. 'हा डावीकडे गेला की पास देत नाही' हे त्याला बेलीच्या आधी माहीत असतं.


डरहॅमची_लेक
५ जानेवारी २०२५

ड्युकच्या गोटातून एक प्रतिसाद, कृपया अंडी फेकू नयेत.

फ्लॅगकडे बघून लोक म्हणतात की त्याला काही शिकायचंच उरलेलं नाही. अजिबात नाही. १२ नोव्हेंबरला अटलांटात केंटकीविरुद्ध त्याचे २६ गुण, १२ रिबाऊंड. आणि सामना बरोबरीत असताना शेवटच्या मिनिटात चेंडू त्याच्याच हातून गेला, ७७-७२ नं हरलो. वय तेव्हा १७! (त्यानं शाळेचं एक वर्ष वाचवून लवकर प्रवेश घेतलाय, त्यामुळे तो आपल्या वर्गापेक्षाही लहान.) ते दोन-तीन क्षण बघितले की कळतं, बेलीची आणि त्याची चूक एकाच जातीची. शाळेत जिथे रस्ता असायचा तिथे आता माणूस उभा असतो.

फरक पुढचा. ड्युकमध्ये त्याच्याभोवती प्रॉक्टर तिसऱ्या वर्षाचा आहे, सायन जेम्स ट्युलेनहून चार वर्षं खेळून आलाय, मेसन गिलिस पर्ड्यूकडून राष्ट्रीय अंतिम सामना खेळून आलाय. चुकलं तर बाजूला घेऊन सांगणारी माणसं आहेत, आणि मुख्य म्हणजे पास दिला तर तो बास्केटमध्ये जातो. बेलीनं पास दिला की काय होतं हे रारितनकाठच्यांनीच सांगावं.


रारितनकाठचा
५ जानेवारी २०२५

पास घेणाऱ्याचा शॉट विटेसारखा रिंगवर आपटून परत येतो. बस, एवढंच सांगतो.


अदिती_एडिसन
६ जानेवारी २०२५

माझा मुलगा तिथेच शिकतो, त्यामुळे जर्सी माइक्स अरीनात आमचं जाणं-येणं असतं. (आम्ही अजून आरएसीच म्हणतो, तशी बरीच मंडळी म्हणतात.) आठ हजार माणसांची जागा, भिंती अशा तिरप्या की आवाज आतल्या आत घुमतो. पाहुण्या संघाचे कान किटतात. पण यंदा मी बघतेय, तोच आवाज आपल्या पोरांवर उलटतो. बेलीनं एक शॉट चुकवला की मागच्या रांगेतून जे ऐकू येतं ते इथे लिहिता येणार नाही.

अठरा वर्षांचा मुलगा आहे हो. माझा त्या वयात स्वतःचे कपडे धुवायला आठवड्याच्या शेवटी घरी आणायचा.


तिसरी_घंटा
६ जानेवारी २०२५

अदितीताई, भावना समजल्या, पण २०२१ पासून ही मुलं आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावतात. बक्कळ कमावतात. कपडे धुवायचं यंत्र विकत घेऊ शकतो तो. पगार व्यावसायिकाचा हवा असेल तर टीकाही व्यावसायिकाचीच येणार. आमच्या कंपनीत नवीन पोरगा आला की पहिल्या तिमाहीतच हिशोब मागतात.

आणि धागाकर्त्यांना : बाकीचे खेळाडू वाईट, म्हणून हा पास देत नाही, हे गणित उलटंही असू शकतं. पास मिळतच नाही म्हणून बाकीचे थंड पडतात.


अदिती_एडिसन
६ जानेवारी २०२५

पैशानं वय वाढत नाही. समोर कोण असतं बघा ना. कोविडच्या वर्षी खेळलेल्या सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालं, त्यातले शेवटचे अजून मैदानात आहेत. तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये. काहींची लग्नं झालीत. त्यांच्या धक्क्याला हा काडीसारखा मुलगा उभा राहतो तेव्हा त्याच्या बँकेतल्या शिलकीचा उपयोग काय?

तुमचा दुसरा मुद्दा मात्र पटतो. हार्पर पास देतो तेव्हा बाकीचे हालतात. बेलीकडे चेंडू गेला की चौघे उभे राहून बघतात. आम्ही प्रेक्षकही तेच करतो.


मुंग्यांचे_वारूळ
६ जानेवारी २०२५

क्रिकेटमध्येही असंच होतं. पृथ्वी शॉचंच घ्या...


रारितनकाठचा
६ जानेवारी २०२५

नका घेऊ. हात जोडतो.


नागपाडा_पिव्होट
१७ जानेवारी २०२५

काय रे, मागच्या आठवड्यात पर्ड्यूनं घरी येऊन धुतलं आणि आता यूसीएलए आणि नेब्रास्का लागोपाठ काढले? काय खाल्लं पोरांनी?

एक गोष्ट बघितली का कोणी? बेली बचावात सुधारलाय. पहिल्या काही सामन्यांत दुसऱ्या बाजूला उभा राहून बॉलकडे बघत बसायचा, मागून आपला माणूस कट मारून गेला तरी पत्ता नाय. आता पाय हलतात. कोणी आत घुसला की हा लांबून येतो आणि वरच्या वर ठोकतो. माझ्या मते त्याचा खरा दर्जा तिथे दिसतो. शॉट कधी जातो कधी नाय, पण एवढ्या उंचीच्या माणसाचं असं धावत येऊन ब्लॉक करणं कोणी शिकवून येत नाय.


सहज_वाचक
१७ जानेवारी २०२५

तुमच्या सगळ्यांमुळे काल पहिल्यांदा कॉलेजचा सामना बघितला. तो घाईत असतो असं वाटलं. चेंडू हातात आला की विचार करायच्या आधी उडी. की मला खेळ कळत नाही म्हणून तसं वाटतं?


रारितनकाठचा
१७ जानेवारी २०२५

बरोबर पाहिलंत. त्याची ड्रिबल उंच आहे. कमरेच्या वर चेंडू उसळतो, आणि एवढी उसळी म्हणजे चपळ गार्डला आमंत्रणच. म्हणून तो गर्दीत शिरायचं टाळतो आणि पहिल्या फटीतून शॉट टाकून मोकळा होतो. अवघड शॉटचं मूळ मला तिथे दिसतं, अहंकारात नाही. कोर्टवर सगळ्यात जास्त हसणारा खेळाडू तोच आहे. स्वार्थी माणूस दुसऱ्याच्या बास्केटला बाकावरून उडी मारून नाचत नाही.

ड्रिबल खाली आणायला उन्हाळा लागतो, हंगामात ते होत नाही. हंगामात आठवड्याला दोन सामने, मधे विमानं. आता बिग टेनमध्ये, म्हणजे आमच्या लीगमध्ये, लॉस एंजेलिस, सिअ‍ॅटलचे संघही आलेत. सराव करायचा कधी?


डरहॅमची_लेक
१८ जानेवारी २०२५

+१. आणि हीच त्या एका वर्षाच्या नियमाची गंमत आहे. ज्या उन्हाळ्यात पोरगा घडतो, त्या उन्हाळ्यात तो कॉलेजचा राहिलेलाच नसतो.

(अवांतर : ११ तारखेला नोत्र दामविरुद्ध आमच्या पोराचे ४२. एसीसीत, म्हणजे ड्युकच्या लीगमध्ये, पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा विक्रम. सांगितल्याशिवाय राहवेना.)


वऱ्हाडी_ठेचा
१८ जानेवारी २०२५

सांगा बाप्पा, तुमचं पोट्टं हुशार, आमचं ढ.


रारितनकाठचा
६ फेब्रुवारी २०२५

काल इलिनॉयला घरी ८२-७३ नं हरवलं! हार्परचा जानेवारीत घोटा दुखावला होता, तो आता बरा दिसतोय. दोघं एकत्र चालले की काय होतं ते काल दिसलं. हार्पर आत घुसतो, बचाव आकसतो, बेलीला कोपऱ्यात किंवा फ्री थ्रो रेषेच्या टोकाला चेंडू मिळतो, आणि त्याच्यावर धावून येणारा अजून दोन पावलं लांब असतो. तोच शॉट, पण आता सोपा. ड्रिबल नाही, घाई नाही.

आम्ही सगळे बेलीनं हार्परला काय द्यावं हे बोलतोय. बेलीला त्याचं काम दुसऱ्यानं सोपं करून द्यावं लागतं, आणि ते करणारा एकच माणूस संघात आहे. तो आजारी पडला की इंडियाना होतं.


तिसरी_घंटा
६ फेब्रुवारी २०२५

एका विजयानं एवढे परिच्छेद? अजून मार्च यायचाय.


रारितनकाठचा
१३ मार्च २०२५

आला मार्च.

काल इंडियानापोलिसला बिग टेनच्या स्पर्धेत यूएससीकडून दोन जादा डावांनंतर ९७-८९. हार्परचे २७ गुण, ८ रिबाऊंड, ८ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतं असे पास). १५ विजय, १७ पराभव. राष्ट्रीय स्पर्धा नाही, काही नाही. संपलं.

राग कुणावर काढायचा तर माझा पोरांवर नाही. गेल्या उन्हाळ्यात क्लिफ ओमोरुयी, आमचा मोठा सेंटर, शेवटच्या वर्षासाठी अलाबामाला गेला. ज्या अलाबामानं आम्हाला लास वेगासला हरवलं, त्यात तो समोर उभा होता! बास्केटखाली भिंत नाही, बाहेरून खात्रीचा नेमबाज नाही. जागा भरायला मेरीमॅक, ईस्टर्न मिशिगन, सॅन डिएगो, प्रिन्स्टन इथून खेळाडू आणले. मेहनती मुलं, पण बिग टेनचा धक्का वेगळा असतो. दोन अठरा वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर अख्खं घर बांधलं आणि खाली जोतंच घातलं नाही.


आकडेमोड्या
१४ मार्च २०२५

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आता हंगाम संपला म्हणून आकडे ठेवतो, भांडण तुम्ही करा.

बेली, ३० सामने, सरासरी : १७.६ गुण, ७.२ रिबाऊंड, १.३ ब्लॉक, १.३ असिस्ट. एकूण नेम ४६ टक्के, तीन गुणांच्या रेषेबाहेरून ३४.६, फ्री थ्रो ६९ च्या आसपास.

त्यातला ४६ हा आकडा मला चक्रावून टाकतो. जे शॉट तो टाकतो त्यांची अवस्था बघता हा आकडा चाळिशीला टेकायला हवा होता. म्हणजे धागाकर्ते म्हणतात ती देणगी खरी आहे. अडचण दोन ठिकाणी. फ्री थ्रो ६९, म्हणजे समोर कुणी नसतानाही हात पक्का नाही. आणि असिस्ट. तेहतीसहून जास्त मिनिटं कोर्टवर, चेंडू सतत हातात, आणि सामन्याला एक-सव्वा असिस्ट. चेंडू गमावणं त्याहून जास्त.

आता तुलना, क्रिकेटची नाही. अँथनी एडवर्ड्स, २०१९-२०, जॉर्जिया, पहिलं वर्ष. गुण १९.१. नेम ४० टक्के, तीन गुणांचा २९.४. संघ १६-१६. तेव्हाही हेच बोललं जायचं : वाईट शॉट टाकतो, संघ जिंकत नाही. ड्राफ्टमध्ये पहिला गेला, आणि आज काय आहे ते बघा. संघाच्या जय-पराजयाकडे एनबीए बघतच नाही म्हणा ना. बेन सिमन्स एलएसयूला राष्ट्रीय स्पर्धेत नेऊ शकला नाही, मार्केल फल्ट्झचा वॉशिंग्टन संघ ९-२२ होता, दोघंही आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. त्यांचं पुढे काय झालं हेही बघा, म्हणजे माझ्या तुलनेवर फार विसंबणार नाही.

एक तळटीप : एडवर्ड्सचे त्या वर्षी असिस्ट २.८ होते. बेलीच्या दुप्पट.


नागपाडा_पिव्होट
१४ मार्च २०२५

शेवटची ओळ फ्रेम करून लावा.


तिसरी_घंटा
१४ मार्च २०२५

आकडेमोड्या, तुम्ही आधी का नाही आलात? दोन महिने आम्ही हवेत तलवारी फिरवत होतो.


डरहॅमची_लेक
६ एप्रिल २०२५

कुणी अभिनंदनाची तयारी केली असेल तर राहू द्या.

काल सॅन अँटोनियोत ह्यूस्टन ७०, ड्युक ६७. शेवटचं अर्धं मिनिट उरलं असताना सहा गुणांनी पुढे होतो. फ्लॅगचे २७ गुण. आणि एका गुणानं मागे असताना शेवटच्या दहा सेकंदांत चेंडू त्याच्याच हातात, बास्केटपासून जवळून, उडी मारून, आखूड पडला. त्याच्यावर बचाव करणारा पाचव्या-सहाव्या वर्षाचा खेळाडू होता. अदितीताईंचे बाप्ये.

देशातला सर्वोत्तम खेळाडू हा किताब त्याच आठवड्यात मिळालाय त्याला. १९.२ गुण, ७.५ रिबाऊंड, ४.२ असिस्ट. तरी शेवटचा शॉट अठराव्या वर्षीच टाकला जातो.


अदिती_एडिसन
६ एप्रिल २०२५

अगं, वाईट वाटलं. आमच्याकडे सगळे ह्यूस्टनच्या बाजूने होते, ते जाऊ दे.


आकडेमोड्या
१७ मे २०२५

ताजी बातमी. शिकागोत एनबीएच्या मोजमापात बेलीची उंची बुटांशिवाय सहा फूट साडेसात इंच भरली. रटगर्सच्या यादीत सहा फूट दहा होती.


वऱ्हाडी_ठेचा
१७ मे २०२५

अडीच इंच कुठं गेले बे? पिस्कॅटवेच्या पाण्यात आकसला काय?


नागपाडा_पिव्होट
१७ मे २०२५

हाताचा पसारा सात फुटांच्या वर भरलाय ना, मग टेन्शन नाय. शॉट हातातून सुटतो, डोक्यातून नाय. आणि उंची सगळेच फुगवतात. आमच्या जिल्हा संघात मी कागदावर सहा-चार होतो.


रारितनकाठचा
२६ जून २०२५

ड्राफ्ट झाला. फ्लॅग पहिला, डॅलस. हार्पर दुसरा, सॅन अँटोनियो. बेली पाचवा, युटा.

हार्परबद्दल निखळ आनंद. बेलीच्या बाबतीत गेला महिना विचित्र गेला. फिलाडेल्फियाकडे तिसरी निवड होती, त्यांच्याकडची चाचणी त्याच्या गोटानं रद्द केली. अमेरिकेतल्या खेळाडूंत कुठल्याच संघाला भेट न दिलेला तो एकटाच, असं छापून येत होतं. कुणाला टाळायचं होतं, कुठे जायचं होतं, यावर अंदाजांचा पाऊस. फिलाडेल्फियानं एजकोमला घेतलं, शार्लटनं ड्युकच्या कनूपेलला, आणि युटानं न बोलावता, न बघता याला उचललं.

मला यात त्याच्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांची घाई दिसते. चाचणीला जाऊन दहा मिनिटं मोकळेपणानं बोलला असता तरी त्याच्याबद्दलची निम्मी कुजबुज थांबली असती.


तिसरी_घंटा
२६ जून २०२५

किंवा वाढली असती. मला तर हा डाव वाईट वाटत नाही. युटा गेल्या हंगामात १७-६५, लीगमधला सगळ्यात तळाचा संघ. तिथे चुका करायला भरपूर मिनिटं मिळतील आणि रागवायला फारसं कुणी नसेल.


अदिती_एडिसन
२६ जून २०२५

रटगर्समध्येही भरपूर मिनिटं मिळाली होती हो. नुसत्या मिनिटांनी काय होतं?


डरहॅमची_लेक
२७ जून २०२५

युटानं त्याच रात्री फ्लॉरिडाचा वॉल्टर क्लेटनही घेतलाय, हे कुणी बोललं नाही. चार वर्षं कॉलेज. सुरुवात आयोनासारख्या लहान कॉलेजात, दोन वर्षं तिथे, मग फ्लॉरिडा, आणि यंदा ह्यूस्टनला ६५-६३ नं हरवून राष्ट्रीय विजेता, शेवटच्या चार संघांतला सर्वोत्तम खेळाडू. पहिल्या वर्षी त्याचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं. आता दोघं एकाच संघात नवखे. एक पाचवा, एक अठरावा.


आकडेमोड्या
२७ जून २०२५

आणि क्लेटन पास देतो. बेलीला मोकळं उभं राहून चेंडू झेलायची सवय लावली, जी इलिनॉयच्या दिवशी दिसली होती, तर त्याचा तीन गुणांचा नेम वाढायला हवा. एनबीएची रेषा कॉलेजपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर लांब आहे, हे धरूनही. मी पहिल्या तीस सामन्यांत दोनच रकाने भरणार : ड्रिबल न करता टाकलेले शॉट, आणि डबल टीम आल्यावर दिलेले पास.


नागपाडा_पिव्होट
२७ जून २०२५

दुसरा रकाना मी भरतो. युटाचे घरचे सामने आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी साडेसातला लागतात, चहा घेत आरामात मोजेन. पेन्सिल फार झिजणार नाय अशी भीती आहे, पण बघू.


सहज_वाचक
२७ जून २०२५

हंगाम सुरू झाला की नवा धागा काढा, हा फार लांबलाय. आणि रटगर्सचं आता पुढे काय, यंदा कोण येतंय?


रारितनकाठचा
२८ जून २०२५

काढतो ऑक्टोबरात. रटगर्सचं विचारू नका. तिकिटाच्या नूतनीकरणाची मेल मात्र वेळेवर आली आहे, दर वाढवून.